करंट आहे, पेट्रोल आहे, मग काय नाही?

जून लागला की मराठवाड्यातल्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत लॉनमोअरची टंचाई होते. मशीन सगळ्यांकडे असतं, चालू कुणाचंच नसतं.

कारण सरळ आहे. या भागात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा पावसाळ्याच्या चार महिन्यांतला. औद्योगिक वसाहतीतले कारखाने गेटपासून ऑफिसच्या पायऱ्यांपर्यंत लॉन ठेवतात, शुद्ध केलेलं सांडपाणी त्यावर सोडतात, पण एप्रिल-मेच्या उन्हात ते गवत कसंबसं जीव धरून असतं. कापायला काही नसतं. मशीन पंपहाउसच्या कोपऱ्यात उभं राहतं. मग मृगाचे दोन पाऊस पडतात, हरळी आठवड्यात घोट्याला लागते, तिच्यातून लव्हाळा आणि गाजरगवत डोकं काढतं, आणि वरच्या साहेबांची पाहणी नेमकी त्याच आठवड्यात निघते. बागकामाच्या ठेकेदाराचा मुकादम मशीन टेम्पोत टाकतो आणि जालना रोडला येतो.

जालना रोडच्या कडेला, वसाहतीत शिरण्याआधी, पत्र्याचं एक दुकान आहे. मिस्त्री पन्नाशी ओलांडलेले. लाडगाव-करमाडकडचे शेतकरी फवारणीचे पंप आणतात, ठेकेदार ब्रशकटर आणतात, कुणी जनरेटर. छोट्या इंजिनांचं काय बिघडतं ते बघायला मी त्यांच्याकडे जाऊन बसत असे. हाकेच्या अंतरावर २००१ पासून गाड्या बनताहेत. त्या गाडीला काही झालं तर स्कॅनर लावतात आणि बिघाडाचा क्रमांक पडद्यावर येतो. लॉनमोअरला असं काही नाही. त्याच्याकडे सांगायला दोनच गोष्टी असतात, प्लग ओला की कोरडा, आणि दोरी हाताला कशी लागते.

एका सकाळी आलेलं मशीन चार स्ट्रोकचं, एका सिलिंडरचं, १६० सीसीच्या आसपासचं.

"चालूच व्हईना मामा," मुकादम म्हणाला. "पोरानं दोरी ओढून ओढून दंडाला गोळे आणले."

ते पोरगं, म्हणजे विशी-बाविशीचा मशीन चालवणारा, टेम्पोला टेकून उभं होतं.

मिस्त्रींनी दोरीला हात लावला नाही. टाकीचं झाकण काढलं, नाक जवळ नेलं आणि तोंड वाकडं केलं. ताज्या पेट्रोलचा वास झणझणीत असतो. याला वार्निशचा आंबूस वास होता. झाकण परत लावताना त्यांनी ते उलटं करून त्यातलं बारीक भोक पाहिलं. ते बुजलं की टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल खाली उतरत नाही, आणि मशीन पाच-दहा मिनिटं चालून गुपचूप बंद पडतं. इथे भोक मोकळं होतं.

मग प्रश्न. शेवटचं कधी चालवलं? होळीच्या अलीकडे-पलीकडे. टाकीत पेट्रोल तसंच होतं? होतं थोडं, त्यातच नवीन टाकलं. कोणत्या कॅनमधलं?

मुकादम थांबला. कॅन एकच होता. ब्रशकटर दोन स्ट्रोकचा, त्याच्या पेट्रोलात टू-टी ऑइल मिसळावं लागतं. लॉनमोअरचं ऑइल वेगळं, खालच्या चेंबरमध्ये, त्याच्या टाकीत निव्वळ पेट्रोल. मिसळलेलं पेट्रोल यात गेलं तर धूर होतो आणि प्लग काजळतो, एवढंच. उलट झालं, निव्वळ पेट्रोल ब्रशकटरमध्ये गेलं, तर तासाभरात पिस्टन जाम. मिस्त्रींनी कपाटावरचा लाल पेंटचा डबा काढून कॅनवर मोठा फुल्ला मारला आणि दुसरा कॅन आणायला सांगितलं. हे काम त्यांनी बिलात धरलं नाही.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मिस्त्रीचं कसब खोलण्यात आहे. मला तरी ते न खोलण्यात दिसलं. इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात, करंट, पेट्रोल आणि कॉम्प्रेशन, हे कुठलाही हेल्पर सांगेल. पण त्या आधी हँडलवरची दांडी आहे. ती हँडलाशी दाबून धरली तरच इंजिन चालतं, सोडली की बंद. अमेरिकेत १९८२ पासून नियमच आहे की मागून ढकलायच्या मशीनची दांडी सोडल्यावर पातं तीन सेकंदांच्या आत थांबलं पाहिजे. ही दांडी एका केबलनं इंजिनपाशी जोडलेली असते. केबल सैल पडली की दांडी दाबूनही खालचा खटका सुटत नाही, कॉइल अर्थ झालेलीच राहते, करंट येत नाही, आणि माणूस कॉइल बदलून बसतो. मिस्त्रींनी दांडी दाबली आणि खाली वाकून खटका हलतो का ते बघितलं. हलत होता.

त्यानंतर प्लगची टोपी काढून बाजूला वळवली आणि बॉक्स पान्यानं प्लग काढला. बुडाशी टू-टीची काजळी, पण कोरडा ठणठणीत. एवढा वेळ दोरी ओढूनही प्लग कोरडा, म्हणजे पेट्रोल वर पोहोचतच नाही. काजळी तारेच्या ब्रशनं साफ केली, फट बघितली, प्लग टोपीत खोचून त्याचं लोखंड इंजिनच्या अंगाला टेकवलं. प्लगच्या मोकळ्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. पोराला दोरी ओढायला सांगितली. निळी ठिणगी, टच्च आवाजासह. पिवळी, मरतुकडी असती तर गोष्ट वेगळी होती.

भोकावर अंगठा ठेवून पुन्हा दोरी. अंगठा उडाला. कॉम्प्रेशन ठीक.

"करंट हाय, दम हाय," मिस्त्री म्हणाले. चमचाभर ताजं पेट्रोल प्लगच्या भोकातून आत सोडलं, प्लग बसवला, दोरी ओढली. एकदा फटका बसला आणि दोरी त्यांच्या हातातून उलटी हिसकली. त्यांनी बोटं झटकली, मशीनकडे एक क्षण बघितलं, आणि काही न बोलता कार्बोरेटर सोडायला घेतला.

तो हिसका मला तेव्हा महत्त्वाचा वाटला नाही. त्यांना वाटला होता, हे नंतर कळलं. पण कोरडा प्लग हा हातात असलेला पुरावा होता. तो आधी निकालात काढायचा, दुसरं काही असेल तर ते मग आपोआप पुढे येईल, हा त्यांचा हिशोब. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की मशीन चालू होतं, पण कशानं चालू झालं ते कळत नाही आणि महिन्यानं तेच गिऱ्हाईक परत येतं.

कार्बोरेटरचा खालचा कप दहाच्या पान्यानं सुटतो. मिस्त्रींनी कपातला ऐवज एका स्टीलच्या वाटीत ओतला आणि उजेडात धरला. वर पिवळट पेट्रोल, खाली गढूळ पाण्याचा वेगळा थर, आणि बुडाशी पांढरट-हिरवा चुरा. मधे एक स्वच्छ रेघ. वाटी हलवली की रेघ मोडायची, थांबवली की पुन्हा तयार.

ती रेघ इथेनॉलची करणी. आपल्याकडच्या पेट्रोलात इथेनॉलचं प्रमाण जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. रोज चालणाऱ्या मोटारसायकलला त्याचं काही नाही, पेट्रोल आठवड्यात जळून जातं. पण हेच पेट्रोल पंपहाउसच्या कोपऱ्यात, ओलसर हवेत महिनोन्‌महिने उभं राहिलं की पाणी धरत जातं. एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फारकत घेतात आणि जड म्हणून तळाशी बसतात. तळाशीच जेट असतो. ॲल्युमिनियमच्या कपाला आणि पितळी जेटला हे मिश्रण खातं, तोच तो चुरा. बहुतेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असं छापलेलं असतं. बहुतेक पंपांवर मात्र निवड करायची सोय नाही. गंमत अशी की या इथेनॉलचा मोठा वाटा उसाचा, आणि आपल्याच मराठवाड्यात पाण्यावरून ज्याच्यावर एवढी भांडणं होतात तो ऊस शेवटी शेंद्र्यातल्या एका लॉनमोअरच्या जेटमध्ये येऊन अडकतो. धोरणावर मला इथे बोलायचं नाही. पण वर्षातले सहा महिने उभी राहणारी यंत्रं, फवारणी पंपापासून जनरेटरपर्यंत, यांचा विचार कुणी केला असेल असं त्या वाटीकडे बघून वाटत नव्हतं.

जेट म्हणजे पितळेचा नखाएवढा स्क्रू, मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. मिस्त्रींनी तो सूर्याकडे धरला. उजेड येत नव्हता. पोरानं लगबगीनं टाचणी पुढे केली, ती त्यांनी बाजूला सारली. टाचणी पोलादाची, जेट पितळेचा. टाचणीनं भोक मोठं होतं, मग मशीन आयुष्यभर जास्त पेट्रोल पितं आणि काळा धूर सोडतं. त्यांनी जुन्या वायरचा तुकडा सोलून त्यातली तांब्याची एकच तार घेतली, जेटमधून अलगद फिरवली, कार्ब क्लीनर मारला, मग हवा. डोळे मिटून, मान वळवून, कारण तो फवारा कुठल्या भोकातून कुठे निघेल याचा नेम नसतो. जेटच्या वरच्या नळीलाही अंगभर बारीक भोकं असतात. सगळे फक्त जेट साफ करतात, ही नळी विसरतात. पुन्हा सूर्याकडे. आता आत गोल, स्वच्छ ठिपका दिसला.

टाकी रिकामी केली, ताजं पेट्रोल, कार्ब बसवला, चोक ओढला. मिस्त्रींनी दोरी ओढली.

इंजिन भडकलं आणि दोरी अशी मागे गेली की मूठ पत्र्यावर आदळली. दुसऱ्यांदा तेच. कार्बमधून एक फुसका धमाका झाला.

"कॉइल टाका नवीन," मुकादम म्हणाला. त्याला दुपारच्या आत लॉन हवं होतं.

"कॉइल कशाला? करंट बघितला ना आपण." मग जरा थांबून, "मुकादम, तुम्ही च्या घेऊन या जावा. टपरीवर आलं घातलेला मिळतो."

मुकादम रस्ता ओलांडून गेला. मिस्त्रींनी टोपी पुन्हा काढली आणि मशीन मागे कलंडवलं, एअर फिल्टरची बाजू वर ठेवून. उलट कलंडवलं असतं तर चेंबरमधलं ऑइल फिल्टरमध्ये आणि सायलेन्सरमध्ये उतरलं असतं. पात्याच्या एका टोकाला नखाएवढा टवका उडालेला होता.

"कशाला लागलं रे बाळा?"

पोरगं रस्त्याकडे बघून म्हणालं, "तुषारचा नळ व्हता गवतात. लोखंडी. दिसला नाही."

"कधी?"

"होळीच्या आधी. तवाच बंद पडलं. मग ठिवून दिलं."

म्हणजे मशीन उभं राहून बिघडलं नव्हतं. बिघडलं म्हणून उभं राहिलं होतं, आणि उभं राहिल्यावर पेट्रोल नासलं होतं. जुना बिघाड खाली, नवा त्याच्या वर. सकाळी सांगितलेल्या हकिकतीत फक्त वरचा होता. पोरानं खोटं सांगितलं असंही नाही, त्याला कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मुकादमासमोर तो बोलला नसता. तुटफूट पगारातून कापायची ही ठेक्याच्या कामातली रीत आहे. तिच्यामुळे ठेकेदाराचे थोडे पैसे वाचत असतील, पण दगडाला लागलेलं मशीन "असंच बंद पडलं" म्हणून येतं आणि मिस्त्रीचा अर्धा दिवस जातो. मुकादमाला चहाला पाठवणं हा दुरुस्तीचाच भाग आहे हे मला त्या दिवशी समजलं.

नळाला पातं लागलं तर दोरी उलट का ओढते? त्यासाठी आधी पातं कसं बसवलेलं असतं ते बघायला हवं. गवत कापायचं पहिलं मशीन इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंगनं केलं, १८३० साली. कापड गिरणीत लोकरी कापडावरचे तंतू कातरायचं यंत्र असे, तेच त्यानं जमिनीवर आणलं. त्यात पाती रुळावर असतात आणि गवत कात्रीसारखं कातरतात. आपल्याकडे सर्रास दिसतं ते दुसऱ्या जातीचं, आडव्या फिरणाऱ्या पात्याचं. ऑस्ट्रेलियात १९५२ मध्ये मर्विन व्हिक्टर रिचर्डसननं असंच एक मशीन मुलासाठी जोडलं, टाकीच्या जागी पीच फळांचा रिकामा डबा लावून, आणि त्यातून व्हिक्टा कंपनी उभी राहिली. या जातीत पातं बहुधा थेट इंजिनच्या शाफ्टवर असतं, मधे क्लच नाही, गिअर नाही. मिनिटाला तीनेक हजार फेऱ्यांच्या नुसत्या वेगानं ते गवत तोडतं. म्हणूनच ते स्वस्त आणि म्हणूनच ते लोखंडाला लागलं की धक्का थेट शाफ्टला.

शाफ्टच्या वरच्या टोकाला मॅग्नेट, म्हणजे चुंबक बसवलेलं जड चाक. ते फिरताना कॉइलसमोरून जातं त्या क्षणी ठिणगी पडते. पातं नळाला अडलं, शाफ्ट जागच्या जागी थांबला, पण वरचं जड चाक फिरण्याच्या भरात पुढे सरकलं. आता चुंबक कॉइलसमोर ठरल्या वेळेआधी येतो. पिस्टन अजून वर चढतोय आणि ठिणगी पडून गेलेली असते. झोका आपल्याकडे येत असतानाच ढकलला तर हातालाच मार बसतो, तसा पिस्टन उलटा फेकला जातो आणि दोरी मागे हिसकते. करंट होता, पेट्रोल आता होतं, कॉम्प्रेशन होतं. वेळ चुकत होती.

वरचं कव्हर आणि दोरीची चकरी निघाली. मॅग्नेटच्या पंख्याच्या पात्यांमध्ये पेचकस अडकवून नट सोडायची घाई बरेच जण करतात आणि पातं मोडून ठेवतात. मिस्त्रींनी चाकाला पट्ट्याचा पाना आवळून नट सोडला, पुलर लावला, आवळत नेला. 'टक्‌' झालं आणि मॅग्नेट सुटून हातात आला.

शाफ्टमध्ये एक खाच, मॅग्नेटच्या आत दुसरी खाच, दोन्हींत मिळून बसलेली अर्धचंद्राच्या आकाराची चावी. ती मधून कातरली होती. पूर्ण तुटली नव्हती. वरचा अर्धा भाग खालच्यावरून अर्धा सूत सरकलेला, पायरीसारखा. मिस्त्रींनी ती तळहातावर घेऊन पोराला दाखवली. एवढ्याशा पायरीपायी त्याचे दंड भरून आले होते.

मुकादम चहा घेऊन परतला. चावी बघून म्हणाला, "एवढंच ना? आमच्या कंपनीच्या टूलरूममधून पोलादाची करून आणतो. एकदम कडक. परत तुटायची नाही."

ही अडचण शेंद्र्यातच येते. दुसरीकडे पार्ट मिळत नाही म्हणून माणूस खोळंबतो, इथे चहूकडे लेथ आणि सीएनसी, कुणीही चहा संपायच्या आत चावी कापून देईल. मिस्त्रींनी मान हलवली. मॅग्नेटला धरून ठेवतो तो शाफ्टचा निमुळता भाग आणि वरचा आवळलेला नट. चावी फक्त जागा दाखवते. या इंजिनात ती मऊ धातूची आहे ती मुद्दाम, पुन्हा नळ लागला तर चावी कातरावी आणि शाफ्ट वाचावा म्हणून. कडक चावी घातली तर पुढच्या वेळी चावी शाबूत राहील आणि मोडेल दुसरंच काही. कंपनीची चावी त्यांच्याकडे डबीत होती. किंमत ऐकून मुकादम गप्प बसला, एवढी किरकोळ.

निमुळता भाग आणि मॅग्नेटचं भोक दोन्ही कोरड्या फडक्यानं पुसले. तिथे ऑइलचा थेंबही नको, पकड जाते. चावी, मॅग्नेट, नट, टॉर्क पाना. मग कॉइल आणि मॅग्नेट यांच्यामधली फट. त्यासाठी मिस्त्रींच्या खिशात व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा असतो, सगळी कुठल्या ना कुठल्या खरेदी व्यवस्थापकाची. कार्ड मधे धरायचं, चुंबक कॉइलला ओढून घेतो, स्क्रू आवळायचे, कार्ड ओढून काढायचं. जाडी साधारण हवी तेवढीच असते.

दोरी ओढली तेव्हा हाताला काहीच लागलं नाही. दुसऱ्या ओढीला इंजिन लागलं, थोडं मिसिंग मारलं, चोक आत ढकलल्यावर एका सुरात चालू राहिलं. मुकादमानं टेम्पोवाल्याला खूण केली.

मिस्त्रींनी दांडी सोडून मशीन बंद केलं. त्यांचं काम संपलं नव्हतं. हँडलवर हात ठेवून त्यांना काहीतरी जाणवलं होतं. टोपी पुन्हा काढली, मशीन कलंडवलं, पात्याच्या टोकाजवळ पत्र्याच्या कडेला खडूची रेघ मारली आणि पातं हातमोजा घालून हळू फिरवलं. पहिलं टोक रेघेपाशी आलं तेव्हा पट्टीनं कडेपासूनचं अंतर मोजलं, मग दुसरं टोक त्याच जागी आणून तेच. दोन्हींत दोन-अडीच मिलिमीटरचा फरक होता.

"हे पातं वाकलंय, नाहीतर शाफ्ट," ते म्हणाले. "टवका तसाही उडालाय, पातं बदलायचंच. नवीन लावून मोजू. फरक गेला तर तुमचं नशीब. राहिला तर शाफ्ट. त्याला इंजिन अख्खं खोलावं लागंल, आणि तो खर्च मी तुम्हाला सांगणार न्हाई, तुमच्या शेठलाच फोन लावून सांगतो."

"आज चालवू का तोवर? फक्त पुढचं गेटपाशीचं मारतो."

"न्हाई."

नवीन पातं दुकानात नव्हतं, शहरातून मागवावं लागणार होतं. मुकादमानं कुणाला तरी फोन लावला आणि शेजारच्या कंपनीचं मशीन तासाभरासाठी मिळेल का ते विचारू लागला. तेही बंदच होतं. मिस्त्री म्हणाले, घेऊन या.